घर, माग आणि मूल : शहापूर-निपाणी परिसरातील संगोपनाचा इतिहास

कष्टकरी वस्तीतील पालक मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन असतात, असा शेरा शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येतो. सीमाभागातील शहापूर आणि निपाणी या दोन गावांचा इतिहास पाहिला असता हा शेरा अपुरा ठरतो.

बेळगावला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. त्याची ओळख विणकरांचे गाव अशी. तेथे माग घरातच असे. बाप मागावर, आई कांड्या भरायला, तर हाताला वळण येताच मूल तुटलेला धागा जोडायला. निपाणीत बिडी कामगार स्त्रियांच्या घरी सूप आणि तेंदूपाने आली. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. हजाराचा आकडा भरण्यासाठी मुलांचे हातही लागत.

उर्दूत ‘तालीम’ आणि ‘तरबियत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तालीम म्हणजे शिक्षण, तरबियत म्हणजे वळण. या घरांत तरबियत कामातूनच होत असे. सबुरी, काटकसर आणि वडीलधाऱ्यांचा अदब मूल मागाशेजारीच शिके. तालमीसाठी मात्र कामाचे तास सोडावे लागत. पालकांपुढील पेच हाच होता.

शासनाने हा पेच कसा हाताळला? शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. शिक्षण ही केवळ घराची खासगी बाब नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

स्वातंत्र्योत्तर कामगार कायदे मात्र उंबरठ्यापाशी थांबले. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने औद्योगिक जागेत मुलांच्या कामास बंदी केली. परंतु ‘औद्योगिक जागे’च्या व्याख्येतून राहते घर वगळले. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने बिडी वळणे आणि कापड विणणे ही कामे मुलांना वर्ज्य केली. पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कारखान्यास सूट दिली. म्हणजे जेथे मुले प्रत्यक्ष राबत होती, तीच जागा कायद्याबाहेर राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, दंड मात्र ठेवला नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सरसकट बंदी आणली. तरीही शाळेनंतर व सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात मदत करण्यास मुभा राहिली.

तात्पर्य, ज्याला उदासीनता म्हटले जाते, तो बहुधा मजुरीचा हिशेब असतो. पालकांची वृत्ती बदलावी असे वाटणाऱ्या शिक्षकाने त्या घरात कोणते काम चालते, ते कोणत्या वेळी होते आणि मुलाचा हात काढून घेतल्यास किती मजुरी बुडते, हे आधी जाणून घ्यावे. उपदेश त्यानंतरच करावा.