घडींतली भूमिति

भूमिति हा पट्टी-कंपासाचा विषय, आणि कागदाची घडी हा मुलांचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत असते. या दोहोंचें नातें उलगडून दाखविणारा एक इंग्रजी ग्रंथ १८९३ सालीं मद्रास येथें प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते टी. सुंदर राव हे गणिताचे प्राध्यापक नव्हते. ते सरकारी नोकरींतले गृहस्थ होते.

ग्रंथाचें मूळ मात्र जर्मनींत सांपडतें. फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असें नांव दिलें. बालोद्यानाच्या साहित्यांत घड्या घालण्यासाठीं रंगीत चौरस कागद असत. त्यांवरूनच सुंदर रावांना ग्रंथाची कल्पना सुचली.

त्यांतली एक साधी कृति पाहावी. चौरस कागदाची डावी कड उजव्या कडेवर आणून मधोमध घडी घालावी व कागद उलगडावा. मग खालच्या बाजूचें डावें टोंक जागच्या जागीं धरून उजवें टोंक उचलावें आणि मधल्या घडीवर टेकवावें. जेथें तें टेकेल तो बिंदु व खालचीं दोन टोंकें मिळून समभुज त्रिकोण होतो. असें कां व्हावें? उचललेली बाजू पायाएवढीच असते, कारण ती पायाच होय; आणि मधल्या घडीवरील प्रत्येक बिंदु दोन्ही टोंकांपासून सारख्याच अंतरावर असतो. प्रमेय केवळ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला सिद्धता गुरुजींच्या शब्दावर मानावी लागते. घडी घालणाऱ्याला ती स्वतःच्या हातांत दिसते.

याच वाटेनें ग्रंथ पंचकोनापासून शंकुच्छेदांपर्यंत जातो. विख्यात जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनीं त्याचा उल्लेख केला. तो वाचून बेमन व स्मिथ या अमेरिकन अध्यापकांनीं १९०१ सालीं शिकागो येथें त्याची नवी आवृत्ति काढविली.

दिलेल्या घनाच्या दुप्पट घन पट्टी-कंपासानें रचणें अशक्य आहे, हें वान्त्झेल यांनीं १८३७ सालींच सिद्ध केलें होतें. घडीलाही घनमूळ साधणार नाहीं, असेंच सुंदर रावांच्या विवेचनावरून सूचित होतें. परंतु १९३६ सालीं इटलींतील विदुषी मार्गेरिता बेलोक यांनीं एकाच घडीनें दोन बिंदु दोन रेषांवर आणून तें साधून दाखविलें. मुलांच्या हातीं खेळ म्हणून दिलेला कागद ग्रंथकर्त्याच्या अपेक्षेच्याही पुढें गेला, तो असा.