नवा ट्रान्झिस्टरही पुन्हा का जळतो? दोष रिलेच्या कॉइलमध्ये शोधा

भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेलं बपेरा धानाच्या पट्ट्यातलं गाव. अशा गावांत मोटरपंपाचा ऑटो स्विच ही चैन नाही. शेतीची वीज पाळीने येते, कधी रात्री येते; तेव्हा उठून बांधावर जाण्यापेक्षा हा डबा बरा. पण ऐन रोवणीत तो बिघडला की पंचाईत. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रिले सुटतच नाही आणि विहीर आटली तरी मोटर कोरडी फिरत राहते.

ट्रान्झिस्टर काही रुपयांना मिळतो. नवा टाकला की डबा चालतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. मग आपण ‘माल डुप्लिकेट’ म्हणून मोकळे होतो!

खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं. रिलेच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे तिच्यातून ३० मिलिअँपिअर करंट वाहतो. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरला १०० मिलिअँपिअरपर्यंत चालतं, त्यामुळे कागदावर सगळं ठीक दिसतं. पण ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा कॉइलला करंट अचानक थांबलेला चालत नाही. तो चालू ठेवण्यासाठी ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि ते क्षणभर शंभराच्याही वर जाऊ शकतं. बीसी ५४७ ची मर्यादा आहे ४५ व्होल्ट. जुन्या पॉइंटवाल्या स्कूटरमध्ये याच गुणधर्मावर प्लगची ठिणगी पडायची. तिथे तो हवा होता, इथे नको.

उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला एक डायोड, वन एन ४००७ चालतो. पट्टी असलेलं टोक प्लसकडे. उलटं लावलंत तर रिले चालू होताच सप्लाय शॉर्ट होईल. डायोड बरोबर असेल तर कॉइलचा करंट त्यातूनच फिरून विरतो आणि ट्रान्झिस्टरवर जेमतेम १२.७ व्होल्ट येतात. तो रिलेच्या अगदी जवळ लावा, लांब वायरने नाही.

डायोड आधीपासून आहे? मग तो तपासा, पण त्याचा एक पाय सोडवून. समांतर कॉइल असल्यामुळे जागेवरच मोजला तर मल्टिमीटर चुकीचं सांगतो. हा झटका मल्टिमीटरवर दिसतही नाही, फार लहान असतो. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोबची ग्राउंड वायर आखूड ठेवा. लांब वायर नसलेले झटकेही दाखवते.

आता दुसरा प्रकार. ट्रान्झिस्टर शाबूत आहे, पण स्टार्टर पडताच डब्यातला कंट्रोलर रीसेट होतो. इथे संशय स्टार्टरच्या मोठ्या कॉइलवर घ्या. ती एसीवर चालते, त्यामुळे डायोड चालत नाही. तिच्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर लागतो, कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच हवा आणि त्या कॉइलच्या व्होल्टेजला झेपणारा. कंट्रोलरच्या सप्लाय पिनांजवळही ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा.

डबा उघडण्याआधी मेन स्विच खाली करा आणि टेस्टरवर विसंबून न राहता तिन्ही फेज मीटरने तपासा.