विजरईंची व्यक्तिचित्रे, जुने गोवे

पोर्तुगीज भारताच्या गव्हर्नरांच्या व विजरईंच्या पूर्णाकृती व्यक्तिचित्रांची मालिका. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने 1547 मध्ये आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांची चित्रे करवून घेतली, तेव्हा तिचा आरंभ झाला. हे काम इतिहासकार गास्पार कोरैया याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने केले. सुरुवातीची चित्रे लाकडी फळ्यांवर आहेत, पुढची कापडावर.

पहिल्या चित्रांतील बरीच माणसे तोवर मरण पावली होती. फ्रान्सिस्को द आल्मेदा 1510 मध्ये परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. आफोंसो द आल्बुकेर्क 1515 मध्ये गोव्याच्या बंदरापाशी जहाजावरच वारला, तर वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत. आल्बुकेर्कला कोरैयाने जवळून पाहिले होते. आल्मेदाचा अंत मात्र कोरैया भारतात येण्यापूर्वीच झाला होता. त्यामुळे या चेहऱ्यांवरील गांभीर्याला समोर बसलेल्या माणसाची मनःस्थिती समजू नये. खुद्द कास्त्रोही जून 1548 मध्ये गोव्यात वारला. ही चित्रे ज्या राजवाड्यात लावली होती, तेथील दुसऱ्या दालनात पोर्तुगालहून आलेल्या जहाजांची चित्रे होती, आणि बुडालेली जहाजे बुडताना दाखवली होती, असे त्या काळचे प्रवासी सांगतात. या शेजारामुळे विजरईंच्या रांगेलाही मरणाची छाया लाभत असणार.

चित्रांत चिलखत किंवा गडद दरबारी पोशाख, घराण्याचे चिन्ह, नाव सांगणारा लेख आणि अनेकदा हातात अधिकारदंड दिसतो. काळा रंग पाहून शोक मनात येतो, पण सोळाव्या शतकातील इबेरियन दरबारात पक्का काळा रंग महाग आणि प्रतिष्ठेचा होता. दंडाचे मोलही तसेच मोठे. संभाजीराजे यांनी नोव्हेंबर 1683 मध्ये जुवे बेट घेतले, तेव्हा विजरई कोंद द आल्व्होर याने बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली व आपला दंड संताच्या हाती ठेवला. जिवंत सत्ताधीशाने मृताकडे आसरा मागितल्याचा हा प्रसंग चित्रांतल्या ताठ मुद्रांपेक्षा अधिक बोलका आहे.

दमट हवेने खराब झालेली ही चित्रे अनेकदा पुन्हा रंगवली गेली, एकोणिसाव्या शतकात तर फारच. चेहरे, वस्त्रे आणि पार्श्वभूमीही त्यात बदलली. लिस्बनला नेलेल्या काही फळ्यांवरील वरचे थर काढल्यावर खालचे जुने चित्र बाहेर आले. म्हणून आज दिसणारी छटा सोळाव्या शतकाची धरून तिच्यावरून भाव ठरवणे चूक ठरते. आधी थर तपासावा, मग अर्थ लावावा. आज या मालिकेतील सुमारे 60 चित्रे जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिस असिसी चर्चलगतच्या मठातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.