सॉल्ट स्प्रेचे तास आले कुठून?

सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत प्लेटिंगचं काम बघायला गेलात, तर "एसएसटी किती तासांची?" हा प्रश्न हमखास कानावर पडेल. एसएसटी म्हणजे सॉल्ट स्प्रे टेस्ट. बंद चेंबरमध्ये मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, प्लेटिंग केलेला पार्ट आत ठेवायचा आणि गंज कधी दिसतो ते तासांत मोजायचं. नाशिकमध्ये महिंद्राच्या गाड्या तयार होतात, गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर बनतात. त्यामुळे इथे हा आकडा रोजच्या व्यवहारातला. पण तुम्ही तो थीसिसमध्ये लिहिणार असाल, तर तो नेमकं काय मोजतो हे आधी बघायला हवं. त्यासाठी थोडा इतिहास.

1914 साली अमेरिकेत जे. ए. कॅप यांनी धातूवरचे संरक्षक लेप तपासायला मिठाचा फवारा सुचवला. तेव्हा गाड्यांवर क्रोम नव्हतंच! क्रोम प्लेटिंग व्यवसायात आलं 1920 च्या दशकात. कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक यांचं काम त्यात महत्त्वाचं. पुढे 1939 मध्ये एएसटीएम बी117 हे मानक आलं. म्हणजे टेस्ट आधीची, क्रोम नंतरचं.

अडचण इथेच झाली. बंपरवरचा चकाकणारा क्रोमचा थर जेमतेम 0.3 मायक्रॉनचा असतो. त्याखाली त्याच्या कितीतरी पट जाड निकेल असतं आणि लोखंडाला खरं तेच वाचवतं. क्रोममधल्या बारीक छिद्रांतून आधी निकेल खाल्लं जातं, मग लोखंड गंजतं. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलची टंचाई झाली आणि बंपरवरचा निकेलचा थर पातळ झाला. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. बंपर गंजू लागले, पण साध्या मिठाच्या फवाऱ्याचे निकाल रस्त्याशी जुळेनात.

मग 1950 च्या दशकात दोन नव्या टेस्ट आल्या. कास टेस्टमध्ये मिठाच्या पाण्यात ॲसेटिक ॲसिड आणि थोडं कॉपर क्लोराइड घालतात, पीएच 3.1 ते 3.3, तापमान सुमारे 50 अंश. कॉरोडकोटमध्ये तर केओलिन मातीत क्षार कालवून पार्टला लेपच देतात. म्हणजे काय, तर रस्त्यावरचा चिखल प्रयोगशाळेत आणला.

गोष्ट तिथे संपत नाही. रशियात रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइड वापरतात. त्या चिखलात निकेलच्या आधी क्रोमच विरघळताना दिसलं आणि त्यासाठी पुन्हा वेगळी टेस्ट करावी लागली. प्रत्येक टेस्टमागे असा एखादा ठरावीक रस्ता आणि ठरावीक बिघाड आहे.

आता नाशिककडे या. इथे ना बर्फ, ना रस्त्यावर मीठ. शिवाय शॉक ॲब्सॉर्बरच्या रॉडवर असतं हार्ड क्रोम: जाड थर, त्यात सूक्ष्म भेगा. तिथे चकाकीचा प्रश्न नाही. गंजाचा एक खड्डा ऑइल सील कापतो आणि तेल गळायला लागतं. बंपरचे तास आणि रॉडचे तास एका तक्त्यात शेजारी मांडून तुलना केली, तर तिला अर्थ उरत नाही. तासांवरून पार्ट किती वर्षं टिकेल हेही काढता येत नाही. एकट्या सॉल्ट स्प्रेवरून असा अंदाज क्वचितच जुळतो हे बी117 मध्येच नमूद आहे.

याला आज वजन आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपात सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. जगभर ट्रायव्हॅलंट बाथकडे वळण्याचे प्रयत्न चालू आहेत. नवा बाथ पास की नापास, हे याच तासांवर ठरतं. टेस्ट चुकीची निवडली तर चांगला बाथ बाद होईल, किंवा कच्चा बाथ पास होऊन जाईल.

म्हणून मेथडॉलॉजीत नुसतं "एसएसटी केली" असं लिहू नका. द्रावण, पीएच, तापमान आणि थरांची जाडी लिहा. नापास कशाला म्हटलं तेही लिहा: निकेलवरचा डाग की लाल गंज? जुन्या बाथचे नमुने त्याच चेंबरमध्ये सोबत ठेवा. आणि जमलं तर काही नमुने एक पावसाळाभर गच्चीवर उघड्यावर ठेवून बघा.