फळबागांचा हिशेब आणि कार्बन-पतांचा पुरावा : सांगोला तालुक्याच्या संदर्भात

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील सांगोला तालुका हा पूर्वी रब्बी ज्वारीचा व उजाड माळांचा मुलूख म्हणून ओळखला जात असे. त्याचे आजचे रूप डाळिंबाचे आहे. हे स्थित्यंतर घडविणाऱ्या कारणांत १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या कार्यक्रमाचे स्थान फार वरचे आहे. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली आणि १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान लाभलेली ही योजना तोवर मुख्यतः रस्ते, पाझर तलाव आणि बंडिंग ह्यांपुरती होती. ती आता शेतकऱ्याच्या बांधाच्या आत आली. खड्डे खणण्यापासून रोपे जगविण्यापर्यंतच्या खर्चास अनुदान मिळू लागले, आणि ते एकरकमी न देता लागोपाठच्या वर्षांत, जिवंत झाडांची मोजणी करून देण्याची पद्धत पडली. माळावर झाडे उभी राहिली, ती हजेरीपटावर नोंदली गेली आणि सरकारी कर्मचाऱ्याने ती मोजलीही.

ह्यानंतर काही वर्षांतच, झाडांनी आणि यंत्रांनी वाचविलेल्या कार्बनला बाजारभाव देणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था उदयास आली. डिसेंबर १९९७ च्या क्योटो कराराने तिची कल्पना मांडली, नोव्हेंबर २००१ मध्ये माराकेश येथे तिचे नियम ठरले आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अंमलात आला. ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ असे तिचे नाव. प्रकल्पकर्त्याने विहित नमुन्यात आराखडा करावा. दिल्लीतील राष्ट्रीय प्राधिकरणाने, प्रकल्प देशाच्या शाश्वत विकासास पोषक आहे एवढ्याबद्दल, संमती द्यावी. मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेने आराखडा तपासावा. कार्यकारी मंडळाने तो नोंदवावा. पुढे मोजमाप चालू राहून त्याची स्वतंत्र पडताळणी व्हावी आणि मगच पतपत्रे निघावीत, असा हा क्रम होता. ह्या साऱ्या कागदांच्या मुळाशी प्रश्न दोनच होते. प्रकल्पामुळे काय घडले, हा पहिला. प्रकल्प नसता तर काय घडले असते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजता येते. दुसऱ्याचे उत्तर केवळ अनुमानाने द्यावे लागते. त्यालाच ‘आधाररेषा’ म्हणतात, आणि प्रकल्प ह्या रेषेहून खरोखर वेगळा आहे हे सिद्ध करणे म्हणजे ‘अतिरिक्तता’ सिद्ध करणे. इतिहासाच्या अभ्यासकास हा पेच अपरिचित नाही. ‘असे झाले नसते तर’ ह्या प्रश्नापासून तो शक्यतो दूर राहतो. येथे मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर पैसे मोजले जात होते.

सांगोल्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ढालगाव लागते. तेथील पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्या म्हणजे ह्या व्यवस्थेचा कल कोणीकडे होता ते कळते. सातारा-सांगली भागातील काही पवनप्रकल्प ह्या यंत्रणेत नोंदले गेले. त्यांचे गणित सरळ होते. मीटरवर दिसणाऱ्या विजेस विद्युत्‌जालाच्या उत्सर्जनांकाने गुणावयाचे. हा अंक केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून प्रसिद्ध करीत आले आहे. कोळशाच्या प्राबल्यामुळे भारतात तो दीर्घकाळ दर हजार युनिटांस सुमारे ०.८ टन कार्बन डाय-ऑक्साइड ह्याच्या आसपास राहिला. पूर्वी दक्षिणेचे जाल वेगळे आणि त्याचा अंकही वेगळा असे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी जोडले गेले आणि कालांतराने साऱ्या देशासाठी एकच अंक वापरला जाऊ लागला. सोलापूरच्या एका वाहिनीने दूरच्या प्रकल्पांची आधाररेषा हलविली, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

अतिरिक्ततेचा पुरावा मात्र मीटरवर मिळत नसे. त्यासाठी संचालक मंडळाचे ठराव, बँकेची पत्रे, परताव्याच्या दराची कोष्टके पुढे केली जात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने पवनविजेस पहिल्या वर्षी युनिटमागे ३ रुपये ५० पैसे दर ठरवून दिला होता. त्वरित घसाऱ्याची आयकर-सवलत निराळीच. इतके असूनही कार्बन-पतांवाचून चक्की उभी राहिली नसती असे सांगावे लागे. २००७ साली ॲक्सेल मिखाएलोवा व पल्लव पुरोहित ह्यांनी भारतीय प्रकल्पांची कागदपत्रे तपासली, तेव्हा हे समर्थन अनेक ठिकाणी दुबळे आढळले. पुढे नियम आवळले गेले. २ ऑगस्ट २००८ नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पाने प्रारंभापासून सहा महिन्यांच्या आत आपला उद्देश लेखी कळविणे आवश्यक झाले. मागाहून आठवलेला हेतू ग्राह्य धरावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. कोणताही साक्षेपी संशोधक हाच दंडक पाळील.

आता हेच नियम सांगोल्याच्या बागांना लावून पाहावेत. वृक्षलागवडीच्या प्रकल्पासाठी जमीन ३१ डिसेंबर १९८९ रोजी वनाच्छादित नसावी अशी अट होती. भारताने ह्या कामी वनाची व्याख्या ०.०५ हेक्टर क्षेत्र, १५ टक्के छत्र आणि दोन मीटर उंची अशी कळविली होती. ०.०५ हेक्टर म्हणजे सुमारे पाच गुंठे. ह्या मापाने नीट वाढलेली डाळिंबाची बागही ‘वन’ ठरू शकते, हे ऐकून सांगोल्याचा शेतकरी हसेल. पण नियम नियमच. १९८९ ची स्थिती दाखविण्यास सातबारावरील पीकपाहणी होती. ती कित्येकदा तलाठ्याने चावडीत बसून लिहिलेली असे हे खरे, तरी ज्वारी आणि पडीक ह्यांच्या नोंदी तेथे सापडतात. म्हणजे पहिली पायरी पार होते.

अडचण पुढे येते. १ जानेवारी २००० पूर्वी सुरू झालेल्या कामास ह्या यंत्रणेत स्थानच नव्हते. त्यामुळे ज्या दशकात माळ हिरवे झाले ते दशक समूळ वगळले गेले. त्यानंतरच्या लागवडीस दुसरी तारीख आड येते. उत्सर्जन घटविणाऱ्या कृतीस उत्तेजन देणारी सरकारी धोरणे ११ नोव्हेंबर २००१ नंतर अंमलात आली असतील, तरच आधाररेषा ठरविताना त्यांचा विचार न करण्याची मुभा होती. फळबाग कार्यक्रम १९९० चा. म्हणून तो आधाररेषेतच धरावयाचा, आणि मग बाग ही ‘एरवीही झालीच असती’ अशा सदरात जाते. जो हजेरीपट शेतकऱ्याच्या श्रमाचा उत्तम पुरावा, तोच त्याच्या अतिरिक्ततेविरुद्धची साक्ष ठरतो. ज्या शासनाने आधी काम केले त्याच्या प्रजेस पतपत्रे नाहीत, जेथे उशिरा केले तेथे मात्र वाव आहे, हा न्याय विचित्र खरा. परंतु तो हेतुपुरस्सर नव्हता. चांगले धोरण आखल्यास पतपत्रे बुडतील ह्या भयाने देशांनी धोरणेच आखू नयेत असे होऊ नये, म्हणून ती मुभा दिली गेली होती. तिच्या तारखेच्या अलीकडे कोण राहिले, ह्याचा शोध कोणी घेतला नाही.

झाडांच्या बाबतीत टिकाऊपणाचा प्रश्नही होता. २००३ च्या मिलान परिषदेने लागवडीसाठी मुदतीची, म्हणजे काही काळाने बाद होणारी, पतपत्रे ठरविली. युरोपीय बाजाराने तीही स्वीकारली नाहीत. हरियाणातील सिरसा येथे वाळूच्या टेकड्यांनी ग्रासलेल्या खाजगी जमिनींवरील लागवडीचा प्रकल्प २००९ मध्ये नोंदला गेला खरा, पण असे प्रकल्प थोडेच. सांगोल्याचा अनुभव पाहता ही सावधगिरी निराधार म्हणता येत नाही. तेल्या आणि मर ह्या रोगांनी बागा वारंवार मोडल्या, आणि २०२० नंतर खोडास बारीक छिद्रे पाडणाऱ्या किडीने कित्येकांनी उभी झाडे उपटून जाळली. त्यांतील कार्बन परत हवेत गेला. शिवाय टँकरने आणलेले पाणी, शेततळ्यांचे कागद, फवारण्या व पंपांची वीज हे सारे वजा बाजूस लिहावे लागले असते.

२०१२ नंतर पतपत्रांचा भाव युरोपात एका युरोच्याही खाली घसरला आणि ढालगावसारख्या पठारांवरील प्रकल्पांचीही ती मिळकत आटली. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन अधिनियमात दुरुस्ती झाली व २८ जून २०२३ रोजी केंद्र शासनाने भारताची स्वतःची कार्बन-पत व्यापार योजना अधिसूचित केली. तीतही प्रकल्पाची सुरुवात केव्हा झाली आणि एरवी काय घडले असते हे प्रश्न सुटलेले नाहीत. एक फरक मात्र सांगोल्याच्या शिवारात घडला आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः, भ्रमणध्वनीवर, स्थाननिर्देशित छायाचित्रासह नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. किडीने मोडलेल्या बागेच्या जागी आज कोणी पुन्हा रोपे लावीत असेल, तर लागवडीपूर्वी ती जमीन कशी होती ह्याची तारखेची नोंद आता चावडीत नव्हे, बांधावर तयार होते.