इंधनवाहू विमानपथकांचे विनोदी बिल्ले : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

लष्करी इतिहासलेखनाची भिस्त प्रामुख्याने आदेश, अहवाल व सन्मानपत्रे यांवर असते. गणवेशावर लावल्या जाणाऱ्या अनधिकृत कापडी बिल्ल्यांना साधन म्हणून क्वचितच स्थान मिळते. अमेरिकी हवाई दलातील इंधनवाहू विमानांच्या, म्हणजेच टँकरच्या, पथकांचे विनोदी बिल्ले या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

उडत्या विमानात दुसऱ्या विमानातून नळीने इंधन भरण्याचा प्रयोग अमेरिकेत १९२३ मध्ये यशस्वी झाला. १९४९ मध्ये ‘लकी लेडी टू’ या बॉम्बफेकी विमानाने कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत चार वेळा इंधन मिळाले म्हणूनच ती पूर्ण झाली. परंतु कीर्ती प्रदक्षिणा करणाऱ्या विमानाची झाली. १९५७ मध्ये सेवेत आलेल्या केसी-१३५ या टँकरमध्ये बूम ऑपरेटर शेपटीकडील खिडकीशी पालथा पडून मागून येणाऱ्या विमानास इंधनदांडा जोडतो. व्हिएतनाम युद्धात या विमानांनी आठ लाखांहून अधिक वेळा इंधन पुरविले. शत्रूचे विमान पाडणाऱ्याच्या नावावर संख्या जमा होते; इंधन देणाऱ्याच्या नावावर तसे काही जमा होत नाही.

बिल्ल्यांवरील विनोदाचे मूळ या विषमतेत आहे. त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध बिल्ल्यावर ‘एनकेएडब्ल्यूटीजी’ एवढीच आद्याक्षरे असतात. टँकरच्या इंधनावाचून कोणाचीही मर्दुमकी चालत नाही, हा त्यांचा सभ्य भावार्थ. मूळ वाक्यातील एक शब्द असभ्य असल्याने आद्याक्षरांचा आडोसा सोयीचा ठरतो. दुसरा विनोद ‘गॅस’ या शब्दावरील श्लेषाचा. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ इंधनही होतो आणि पोटातील वायूही. सबब ‘आम्ही गॅस सोडतो’ असे ही पथके अभिमानाने मिरवितात. या श्लेषास ग्राम्य म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. स्वतःची थट्टा करीत श्रेय मागितल्यास ती मागणी तक्रार ठरत नाही, आणि शिस्तबद्ध सैन्यात ही सवलत मोलाची असते.

तथापि हा दावा निवडक आहे. ग्वाम बेटावरून निघालेली बी-५२ विमाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकण्यास जात, तीही टँकरच्याच इंधनावर. बिल्ला पराक्रमातील वाटा मागतो. त्या बॉम्बखाली सापडलेल्या गावांच्या वाताहतीतील वाटा मात्र त्यावर विणलेला नाही.