भजनगायन आणि आरोग्य (मंगळवेढा परिसर)

टाळ-मृदंगाच्या साथीने अनेकांनी मिळून अभंग म्हणण्याचा वारकरी प्रघात आणि त्याचा गाणाऱ्याच्या शरीर-मनावर होणारा परिणाम. मंगळवेढा हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव पंढरपूरपासून सुमारे २५ किमी. अंतरावर आहे. संतांची भूमी म्हणून त्याची ख्याती असून या भागात भजन हे नित्याचे सामाजिक कर्म आहे. गळा कसाही असला तरी माणसाला नेमाने, इतरांसोबत आणि दीर्घ काळ गायला लावणारी ही व्यवस्था आहे. गायनाच्या आरोग्यदायी परिणामांवर आज जे संशोधन होते, त्यात यांपैकी इतरांसोबत गाण्याला विशेष महत्त्व दिले जाते.

परंपरा : बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जलाच्या सेवेत असताना महात्मा बसवेश्वरांचे वास्तव्य मंगळवेढ्यात होते, त्यांची वचने पुढे गाऊन प्रसारित झाली. चोखामेळा सहकुटुंब येथे राहिले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास नेल्या व महाद्वारापाशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. पंधराव्या शतकातील कान्होपात्रा मंगळवेढ्याच्याच. गणिकेची मुलगी असल्याने नाचगाण्याचा वारसा त्यांना घरातून मिळाला होता. तो त्यांनी अभंगाकडे वळवला. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेला खुली करणारे बहामनी अंमलदार दामाजीपंत हे गावाचे आराध्य असून त्यांचे मंदिर भजन-कीर्तनाचे ठिकाण आहे.

गायनाची रीत : वारकरी भजनात वीणेकरी मध्ये असतो, टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात आणि पखवाज लय धरतो. एक जण चरण म्हणतो व बाकीचे ध्रुपद उचलतात. त्यामुळे प्रत्येकाला दम घ्यायला जागा मिळते आणि पाठांतर नसलेला नवखाही दुसऱ्या फेरीपासून सामील होतो. हरिपाठ उभ्याने, पावल्या टाकत म्हणतात. त्यात पाय, खांदे व मनगटे यांची लयबद्ध हालचाल होते. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, सकाळचे पारायण, दुपारचे प्रवचन, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन व पुढे जागर असा क्रम सात दिवस चालतो. या काळात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावून ती हातोहाती दिली जाते. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते.

श्वास व हृदय : विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. गाताना श्वास झटकन आत घेऊन ओळ संपेपर्यंत हळूहळू सोडावा लागतो. त्यासाठी श्वासपटल, पोटाचे व बरगड्यांमधील स्नायू नियंत्रितपणे वापरले जातात आणि श्वासांची संख्या घटते. दीर्घ उच्छ्वासात व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके मंदावतात. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र यांची तुलना केली. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरला आणि रक्तदाब स्थिर राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. प्रार्थनेचे शब्द कोणत्या धर्माचे आहेत यापेक्षा ओळीची लांबी महत्त्वाची ठरली. स्वीडनमधील ब्यर्न विकहॉफ यांच्या गटाला २०१३ मध्ये असे दिसले, की एकत्र गाणाऱ्यांचे श्वास ओळींनुसार जुळतात आणि त्यामागोमाग हृदयगतीतील चढउतारही जुळू लागतात.

प्रतिकारशक्ती व संप्रेरके : फ्रँकफर्टमधील हौशी वृंदगायकांच्या २००४ मधील अभ्यासात गायनानंतर लाळेतील ‘आयजीए’ या प्रतिपिंडाचे प्रमाण वाढले; तेच संगीत नुसते ऐकल्यावर ते वाढले नाही. वेल्समध्ये कर्करुग्ण, त्यांची काळजी घेणारे व आप्त गमावलेले अशा १९३ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तासभराच्या समूहगायनानंतर त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले व मनःस्थिती सुधारली. हे परिणाम गाण्याच्या एकाच बैठकीनंतर मोजलेले आहेत. त्यांवरून दीर्घकालीन रोगप्रतिबंधाचा निष्कर्ष काढता येत नाही.

मन व मेंदू : प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ मातांवर इंग्लंडमध्ये प्रयोग झाला (२०१८). बाळासह समूहगायनाला येणाऱ्या मातांमधील मध्यम ते तीव्र लक्षणे इतरांपेक्षा लवकर उतरली. पाळणे व अंगाई म्हणण्याची घरगुती रीत येथे सहज आठवते. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नसले तरी गाता येते. या निरीक्षणावर आधारलेली स्वराधारित वाचोपचाराची पद्धत अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली.

समूहभाव : ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गायन, हस्तकला व सर्जनशील लेखन शिकणाऱ्या प्रौढांच्या वर्गांची तुलना केली. सात महिन्यांअखेर सर्वच वर्गांत जवळीक निर्माण झाली होती. गायनाच्या वर्गात मात्र ती सर्वांत लवकर झाली. अनोळखी माणसे जोडण्याचा हा गुण वारीतल्या दिंडीत रोज उपयोगी पडतो. गावोगावचे टाळकरी एका चालीत मिसळतात आणि वाटचालीचे श्रम वाटले जातात. चोखोबांसारख्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला संतांच्या मेळ्यात स्थान मिळाले ते याच वाटेने. या आपलेपणाची मर्यादाही इतिहासात नोंदली आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे दलितांसाठी उघडायला साने गुरुजींचे १९४७ मधील उपोषण लागले.

जात्यावरच्या ओव्या : मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही ज्वारी पूर्वी घरोघरी पहाटे जात्यावर दळली जाई आणि दळताना ओवी म्हटली जाई. दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढत. ओवीची लय हाताच्या फेऱ्याला आधार देई. माहेर, सासुरवास, भाऊ, लेकरू, विठोबा असे सगळे विषय तिच्यात येत. एरवी उघडपणे बोलता न येणारे दुःख ओवीत सांगता येई आणि समोर ऐकणारी कोणी असे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून प्रसिद्ध होत आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळणाचे कष्ट गेले, ही बायकांच्या खांद्या-कमरेची सुटकाच होती. त्याबरोबर रोजच्या गाण्याची वेळही गेली. तिची जागा काही अंशी महिला भजनी मंडळांनी घेतली आहे.

मर्यादा व धोके : वर दिलेले प्रयोग मुख्यतः युरोपीय गायकांवर, मर्यादित संख्येने झालेले आहेत. श्वास, लय व सहवास या समान घटकांपुरतेच त्यांचे निष्कर्ष भजनाला लावणे योग्य ठरते. फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक विकारासाठी गायन सुचवले जाते. पण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांना उतरणारे तीनच अभ्यास सापडले आणि पुरावा कमी दर्जाचा ठरला. वारकरी गायन चढ्या पट्टीत चालते. सप्ताहात ओरडून व जागून गायल्याने आवाज बसतो. हे वारंवार झाल्यास स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. ध्वनिवर्धकाचा मोठा आवाज कानांना अपायकारक असतो. बंद जागेतील समूहगायनातून श्वसनाचे संसर्ग पसरतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील स्कॅगिट येथे एका वृंदगानाच्या तालमीनंतर ६१ पैकी ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचा संशय नोंदला गेला. त्यांतील दोघे दगावले. त्याच वर्षी आषाढी वारीची पायी वाटचाल रद्द होऊन पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या.

उपचारांच्या दृष्टीने भजन पूरक आहे. रक्तदाब, दमा किंवा नैराश्याची औषधे बंद करून त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. सोसेल ती पट्टी, हवेशीर जागा आणि आवाजाला पुरेशी विश्रांती एवढे सांभाळल्यास वृद्धांना व एकट्या राहणाऱ्यांनाही ते नियमितपणे करता येते. त्यासाठी टाळाच्या जोडीखेरीज फारसा खर्चही येत नाही.